शांत माणसाचं इंटरनेट

शलाका पावसेला चिडता येत नव्हतं, आणि नागपुरातल्या त्या फ्लॅटमध्ये चिडता न येणाऱ्या माणसाला इंटरनेट मिळत नव्हतं.

शलाका मूळची हर्णैची, मच्छीमारांच्या घरातली. ती क्रेन चालवायला शिकली आणि त्यासाठी समुद्र सोडून नागपूरला आली. हे उलटं वाटेल, पण बंदरावरच्या क्रेनच्या केबिनमध्ये माणूस बसणं तेव्हा बंद झालं होतं. कोकणातल्या नव्या बंदरावरचे कंटेनर उचलणारे चालक देशभर आपापल्या घरात बसलेले असत. समोर तीन पडदे, हातात दोन दांडे. त्यांना शिकवणारं केंद्र नागपुरात होतं.

तिथला पहिला धडा एका वाक्याचा होता : चित्र थिजलं की हातही थिजवायचा. हजार किलोमीटरवरून येणारं चित्र कधीतरी अडखळणारच. त्या क्षणी घाबरून ज्याचा हात हलतो, त्याचा कंटेनर झोका घेतो, आणि झोका घेणारा चाळीस टनांचा कंटेनर थांबवता येत नाही. शलाका यात तुकडीत पहिली होती. चित्र थांबलं की ती सावकाश श्वास सोडायची. छातीवर लावलेल्या यंत्रात तिची नाडी तसूभरही वाढायची नाही. शिक्षक डांगरे सर म्हणाले होते, "पावसे, तुम्हाला घाबरायला शिकवायचं असतं तर मी नापास झालो असतो."

आता एकच परीक्षा उरली होती. घरच्या जोडणीवरून खऱ्या जहाजावर एक पाळी करायची. पाळीत चित्र तीनदा थिजलं तर क्रेन आपोआप कुलूपबंद होणार, परीक्षा संपणार आणि उमेदवाराची बदली फाटकावरच्या नोंदणी विभागात होणार. तिथून क्रेनकडे परत यायची वाट नव्हती.

अडचण घरच्या जोडणीचीच होती.

त्या इमारतीने वर्षभरापूर्वी 'सहृदय' नावाची योजना घेतली होती. सहा मजल्यांना मिळून एक तार आणि प्रत्येक घरात एक राउटर. वाय-फायच्या लहरी खोलीभर पसरतात, भिंतींवर आणि माणसांवर आपटून परततात. माणसाचं शरीर बरंचसं पाण्याचं, त्यामुळे ते या लहरी चांगल्याच अडवतं. श्वास घेताना छाती काही मिलिमीटर पुढे येते, हृदयाच्या ठोक्याने त्याहून कितीतरी कमी हलते. पण परतणाऱ्या लहरींत तेवढाही फरक उमटतो. घरात एकटी राहणारी म्हातारी माणसं पडली तर कळावं म्हणून हे तंत्र आधी वापरात आलं. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की घरात नेट कोणाला किती हवं हे माणसांना विचारण्यापेक्षा त्यांच्या हृदयाला विचारावं.

सहृदय एवढंच बघत असे : वेग कमी झाल्यावर कोणाचा ठोका वाढतो? ज्याचा वाढतो त्याला गरज आहे. त्याला वेग द्यायचा. ज्याचा वाढत नाही त्याचं भागतंय. मोबाइलवर प्रत्येक रहिवाशाच्या नावापुढे एक गोल दिसे. शलाकाचा कायम राखाडी असायचा आणि त्याखाली लिहिलेलं असायचं, 'समाधानी'.

तिच्या रूममेटचा गोल लालभडक. 'गरजू'.

रूममेट म्हणजे प्रणोती काळमेघ, दर्यापूरची, शाळेत गणित शिकवणारी. तिच्या भावाचं, पीयूषचं, लग्न ठरलं होतं आणि घरचे सगळे रोज 'मांडवात' जमत. मांडव ही नातेवाईक पूर्ण उंचीचे, प्रकाशाचे, आपल्या खोलीत उभे करणारी सेवा. एक माणूस उभा करायला जेवढी माहिती लागते तेवढ्यात शलाकाची क्रेन आरामात चालली असती. प्रणोती अकरा माणसं उभी करत असे. हॉल लहान होता. त्यामुळे वच्छलाआत्याचं अर्धं अंग नेहमी फ्रिजमध्ये असायचं.

"भाजी वांग्याचीच राहील," एक काका म्हणत होते.

"काका, मुलीकडचे पनीर म्हणतात," प्रणोती म्हणाली.

"मुलीकडचे काय म्हणतात ते मुलीकडे. लग्न आपल्या दारी हाय."

"अन् मांडवाले आग लागली तर?" फ्रिजमधून वच्छलाआत्या म्हणाली. "मागच्या वर्षी अकोल्यात लागली होती. पाण्याचा टँकर सांगितला का कोणी?"

"आत्या, आपण भाजीवर बोलून राहिलो!"

"तुम्ही भाजीवर बोला बाप्पा. मी आगीवर बोलतो."

इथे आत्याचा चेहरा चौकोनी ठिपक्यांत विरघळला, प्रणोतीचा ठोका वर गेला, आणि सहृदयने आतल्या खोलीतला शलाकाचा उरलासुरला वेगही काढून हॉलमध्ये आणून दिला. आत्या पुन्हा लख्ख झाली. आत सरावाच्या पडद्यावर एक कंटेनर हवेत थांबला. शलाकाने श्वास सोडला. सहृदयने तो श्वास मोजला आणि निष्कर्ष काढला, की ही मुलगी मजेत आहे.

ती दारात येऊन म्हणाली, "प्रणोती, थोडा वेळ बंद करतेस?"

"पाचच मिनिटं गं. वांगं संपू दे."

वांगं तासभर संपलं नाही.

शलाकाने उपाय करून पाहिले. जिना धावत चढून येऊन खुर्चीत बसली. ठोका वाढला, पण वेग कमी होण्याशी त्याचा काही संबंध नसल्याचं राउटरने ओळखलं. प्रणोतीच्या डब्यातला ठेचा चमचाभर खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, गोल राखाडीच राहिला. शेवटी तिने मदत केंद्राला फोन लावला.

"मॅडम, तुमच्या गरजेची आमच्याकडे नोंद नाही," पलीकडचा तरुण नम्रपणे म्हणाला.

"मी सांगतेय ना, गरज आहे म्हणून."

"सगळेच सांगतात, मॅडम. म्हणून तर आम्ही विचारत नाही."

संस्थेचे सेक्रेटरी भोयर यांच्याकडे ती गेली. त्यांनी चष्मा काढून पुसला. "ठराव झालेला आहे. बदल हवा तर वार्षिक सभेत मांडा. तसं कोणाची तक्रार नाही म्हणा."

"मी करतेय की तक्रार."

"तुम्ही तक्रार करताय असं वाटत नाही हो," भोयर म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात प्रणोती दोन दिवस दर्यापूरला गेली. शलाकाने मनात म्हटलं, आता सगळी तार आपली. तिने पडदे लावले, दांडे हातात घेतले आणि चित्र पहिल्यापेक्षा वाईट आलं. कंटेनर टप्प्याटप्प्याने सरकत होता, जुन्या फोटोंचा अल्बम उलटावा तसा.

पुन्हा मदत केंद्र. तोच तरुण.

"बरोबर आहे, मॅडम. सध्या तुमच्या घरात एकही गरजू व्यक्ती नाही. अशा वेळी घराचा वाटा इमारतीत इतर गरजूंकडे जातो."

"म्हणजे कोणाकडे?"

"ते सांगता येत नाही." पण सांगायची गरज नव्हती. खालून, दुसऱ्या मजल्यावरून, क्रिकेट बघणाऱ्या गजभिये काकांचा आवाज येतच होता : "अरे टाक ना नीट, गाढवा!"

प्रणोती परत आल्यावर शलाकाने तिला हे सगळं सांगितलं. प्रणोतीने सँडल काढता काढताच गणित मांडलं.

"म्हणजे मी असले तर नेट मी खाते. नसले तर गजभिये काका खातात."

"हो."

"अन् आजपर्यंत या घरात जे काही नेट येत होतं ते माझ्या भांडणावर येत होतं!"

"खूश होऊ नकोस एवढी."

"नाही गं, होत नाही," प्रणोती म्हणाली, पण झाली होती. मग तिच्या लक्षात आलं की समोरची मुलगी हसत नाहीये. "तुझी ती परीक्षा नोंदणी विभागवाली... तीच ना ही?"

"तीच."

प्रणोतीने हातातली सँडल खाली ठेवली. "मला वाटायचं तुला चालतं. तू कधी बोललीच नाहीस. म्हणजे बोललीस, पण... तशी नाही बोललीस."

"माझं बोलणं असंच आहे."

उपाय ठरला. परीक्षा रविवारी पहाटे होती. इमारत झोपलेली असणार, तार रिकामी, वाटणीचा प्रश्नच नाही. प्रणोतीने अकराच्या आधी मांडव उघडणार नाही असं वचन दिलं. अकराला मात्र उघडणं भाग होतं, कारण वांगं की पनीर याचा निकाल त्या दिवशी लागायचा होता.

रविवारी पहाटे बंदरावर धुकं होतं. जहाज बाहेरच थांबलं. साळगावकर मॅडम बंदरावर बसणाऱ्या परीक्षक होत्या. त्यांचा निरोप आला : पाळी अकराला सुरू होईल. गजभिये काकांचा सामनाही अकरालाच होता.

प्रणोतीने निरोप वाचला आणि अकराला पाच मिनिटं असताना ती हॉलमध्ये गेली. अकरा माणसं नुकतीच उभी राहत होती.

"ऐका," ती म्हणाली. "आज मांडव बंद. भाजी तुम्हीच ठरवा."

"काहून व? काय झालं?" आत्या फ्रिजमधून पुढे झाली. "तब्येत बरी हाय ना? ताप आला का? घरात चोर शिरला का?"

"शलाकाची परीक्षा आहे," एवढंच सांगून प्रणोतीने सेवा बंद केली. हॉल रिकामा झाला.

सुरुवात चांगली झाली. मोकळा झालेला वेग शलाकाकडे आला. तिन्ही पडद्यांवर ऊन पडलं, जहाज, खाली रांगेत उभे ट्रक. तिने पहिला कंटेनर उचलला, फिरवला, ट्रकवर ठेवला. कानात साळगावकर मॅडमचा आवाज आला, "छान. चालू द्या."

पाच-सहा कंटेनर झाले. घर शांत होतं. शलाका शांत होती. राउटरने दोघींना पुन्हा पुन्हा मोजलं आणि इथे गरजू कोणी नाही अशी त्याची खात्री पटत गेली. खाली दुसऱ्या मजल्यावर एक झेल सुटला.

चित्र थिजलं. हात थिजला. आकडा लागला : एक.

चित्र परत आलं. आणखी दोन कंटेनर उतरले. प्रणोती चहाचा कप घेऊन दारात आली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा ते काम नीट पाहिलं. लाल रंगाचा घराएवढा डबा दोरांवर लटकत होता. खाली ट्रक. ट्रकच्या केबिनच्या खिडकीतून ड्रायव्हरचं कोपर बाहेर आलेलं दिसत होतं.

तेवढ्यात ते कोपर थिजलं. डबाही थिजला.

"अगं, अगं, अगं! माणूस आहे खाली!"

दोन.

प्रणोतीच्या खिशातला मोबाइल थरथरला. तिने पाहिलं. तिचा गोल लाल झाला होता आणि घराचा वेग दुप्पट. सगळा तिच्या नावावर, म्हणजे हॉलमधल्या मांडवाच्या बंद यंत्राकडे. शलाकाचा गोल राखाडी. समाधानी.

गणित शिकवणाऱ्या बाईला एवढं पुरे होतं. शलाकाचं चित्र अडलं की प्रणोतीचा ठोका वाढतो. राउटरला हवं ते हेच. फक्त ठोका चुकीच्या जागी उभा आहे.

तिने कप जमिनीवर ठेवला, स्टूल ओढलं आणि शलाकाच्या खुर्चीला खेटून, खांद्याला खांदा लावून बसली. लहरींची नजर तशी जाडीभरडी असते. खोलीच्या दोन टोकांची दोन माणसं तिला वेगळी कळतात. वीतभराच्याही आत आली की त्यांचं एकच शरीर दिसतं. सहृदयला त्या खुर्चीत आता एक माणूस दिसत होता. त्याचे हात स्थिर होते आणि हृदय उड्या मारत होतं.

मोबाइलवर नवी अक्षरं आली. 'शलाका : गरजू.'

चित्र स्वच्छ झालं.

"काय करतेयस?" पडद्यावरची नजर न काढता शलाकाने विचारलं.

"तुझ्यासाठी घाबरतेय. तू तुझं काम कर."

"बोलू नकोस पण."

"नाही बोलत. तो डबा वाकडा आहे का? वाकडा आहे. नाही बोलत."

मोबाइल वाजला. आत्या, साध्या आवाजी फोनवर. प्रणोतीने उचलला, कारण न उचललेल्या फोनचं आत्या काय करील याची तिला कल्पना होती.

"काय चाललं व तिकडं?"

"आत्या, चाळीस टनाचा डबा लटकतो आहे, खाली माणूस आहे अन् चित्र अडकते मधूनच!"

"अरे देवा! त्या माणसाले म्हणा बाजूले हो!"

"तो बंदरावर आहे, आत्या!"

"मंग फोन लाव ना त्याले!"

आत्याच्या घाबरण्याची नोंद राउटरकडे होत नव्हती. ती दर्यापुरात होती. पण आत्या बोलत राहिली तोवर प्रणोतीला शांत होणं शक्य नव्हतं. चित्रात बारीकशी थरथर झाली रे झाली, की तिचा खांदा शलाकाच्या खांद्यात रुते, राउटर धावत येई आणि थरथर जागच्या जागी विरे. पूर्ण थिजण्यापर्यंत गोष्ट एकदाही गेली नाही. शलाका एकामागून एक कंटेनर उतरवत राहिली. ताटात वाटी ठेवावी तसे ते ट्रकवर टेकत होते. एका झटक्याला खालून गजभिये काका ओरडले, "चित्र गेलं, चित्र गेलं!" पण प्रणोतीच्या ठोक्यापुढे त्यांचं काही चालणार नव्हतं.

पाळी संपली. आकडा दोनवरच होता.

"पावसे," साळगावकर मॅडम म्हणाल्या, "काम उत्तम. पण मागे कोणी तरी ओरडत होतं."

शलाकाने खरं ते सांगितलं. राउटर, वाटणी, खांदा, आत्या.

"म्हणजे तुम्ही घाबरत नाही म्हणून दुसऱ्या कोणाला घाबरावं लागतं."

"हो, मॅडम."

"चालकाला हात लावायचा नाही असा नियम आहे. खांद्याबद्दल काही लिहिलेलं नाही." कागद चाळल्याचा आवाज आला. "महिनाभर कच्च्या नेमणुकीवर घेते. रोज अशीच जोडणी दिसली तर पक्की. नाही दिसली तर नोंदणी विभाग. त्या बाई रोज असतील ना?"

"असतील!" प्रणोती ओरडली.

त्या दिवशी मांडवात निकाल लागला. दोन्ही भाज्या.

पहिले काही दिवस सुरळीत गेले. प्रणोतीची शाळा दुपारी संपे आणि शलाकाची पाळी त्यानंतर सुरू होई. स्टूलवर उशी आली. मांडव पाळीनंतर भरू लागला. शलाका कधी कधी तिथेही प्रणोतीच्या शेजारी बसे. ती शेजारी असली की भांडणं आखूड होतात असं मांडवातल्या एका काकांचं निरीक्षण होतं.

मग एका दुपारी चित्र अडखळलं. दुसऱ्या दिवशी थिजलं. शलाकाने तिरप्या नजरेने शेजारी पाहिलं. प्रणोती मांडीवर गठ्ठा घेऊन चाचणीचे पेपर तपासत होती.

"प्रणोती, तू घाबरत नाहीयेस."

"हं?" प्रणोतीने वर पाहिलं. डबा हवेत होता, खाली ट्रक, ट्रकमध्ये कोपर. "प्रयत्न करते गं. पण आता तुझा हात बघितला ना इतके दिवस. तू पाडणार नाहीस. मग काय घाबरायचं?"

"पण मला गरज आहे."

"माहीत आहे! म्हणून तर सकाळपासून आठवून आठवून घाबरायला बघतेय. येतच नाही." ती खरोखर रडवेली झाली होती. "तू एखादा पाड की जरासा."

शलाका हसली. कच्च्या नेमणुकीचा दुसरा आठवडा संपत होता. मोबाइलवर खुर्चीतल्या त्या एका, दोघींच्या मिळून बनलेल्या माणसापुढे लिहिलं होतं : समाधानी.

त्या संध्याकाळी मांडवात शलाका पहिल्यांदा स्वतःहून बोलली. फ्रिजकडे वळून ती म्हणाली, "आत्या, लग्नाची खरेदी नागपुरातच करणार आहात ना?"

"सीताबर्डीतच. काहून?"

"मग आतापासूनच या ना राहायला."

आत्या दोन दिवसांत आली, यावेळी सगळी, फ्रिजबाहेर. सोबत दोन पिशव्या, एक लसणाची. गाडी उलटेल म्हणून ती रात्रभर झोपली नव्हती, आणि घरात पाऊल टाकताच तिने गॅसची नळी तपासली. दुपारी शलाकाने तिला स्टूलवर बसवलं. आत्या खांद्याला खांदा लावून लसूण सोलू लागली.

पहिला डबा वर गेला.

"पडलं व माय!"

"नाही पडत, आत्या."

"आता पडलं!"

चित्र इतकं स्वच्छ कधीच आलं नव्हतं. ड्रायव्हरच्या मनगटावरचं घड्याळ दिसत होतं. मोबाइलवर सहृदयने अशी अक्षरं दाखवली जी शलाकाने किंवा प्रणोतीने कधी पाहिली नव्हती : 'अत्यंत गरजू.' प्रणोती स्वयंपाकघरात निवांत पेपर तपासत होती. खाली गजभिये काका कोणाला तरी फोनवर विचारत होते, तुमच्याकडेही असंच आहे का.

आत्याला सवय झाली नाही. दोन आठवडे ती रोज बसली, रोज प्रत्येक डबा तिच्या दृष्टीने पडला आणि रोज तिने ड्रायव्हरला बाजूला व्हायला सांगितलं. महिना संपला तेव्हा साळगावकर मॅडमनी पत्र पाठवलं. नेमणूक पक्की. फेब्रुवारीच्या वार्षिक सभेत शलाकाने ठरावात बदल सुचवला. तो मांडायला मात्र तिने आत्याला उभं केलं, आणि भोयर यांनी तो तातडीचा म्हणून नोंदवून घेतला. एप्रिलपासून प्रत्येक घराला ठरलेला वाटा मिळणार होता, शांत असो की नसो.

पण लग्न मार्चच्या अखेरीस होतं. खरेदी आटोपली, पिशव्या भरल्या आणि निघायच्या सकाळी आत्या दारातच अडली.

"म्हणजे मी गेली की हिचं चित्र अडकन?"

"अडकेल थोडं," शलाका म्हणाली. "चार दिवसांचंच आहे, मग एप्रिल लागेल."

"अन् तो खिडकीतला माणूस?"

"आत्या, बस चुकेल," प्रणोती म्हणाली.

"चुकू दे. हिले अन् त्या माणसाले असं सोडून मी लग्नाले जाऊ कशी?" आत्याने पिशवी खाली ठेवली. चेहऱ्यावरून दिसत होतं की ती खरंच जाणार नाही.

शलाकाने साळगावकर मॅडमना फोन करून चार दिवसांची रजा मागितली. कारण विचारल्यावर ती म्हणाली, "माझी जोडणी दर्यापूरला चालली आहे." रजा मिळाली.

पंगतीत शलाका वाढायला होती. वांग्याच्या भाजीची भरलेली बादली घेऊन ती एकेका पानावर वाकत होती, आणि मागून आत्या तिच्या खांद्याला खांदा लावून चालत होती. "सांडलं व माय. आता सांडलं." पानाबाहेर एक थेंब पडला नाही.

नागपुरात ते चार दिवस फ्लॅट बंद होता. गजभिये काकांचे सगळे सामने एकदाही न अडखळता पार पडले.